शाळेत कलाशिक्षक नाही: पालकांनी स्वतः शिकवावे की जागा भरण्याची मागणी करावी?

अंत्रुजवासी (प्रश्न)

माझी मुलगी गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात सातवीत शिकते. तेथील चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा रिकामी आहे आणि संगीतासाठी तर कोणीच नाही. वेळापत्रकावर या दोन्ही विषयांच्या तासिका छापलेल्या असतात; प्रत्यक्षात ज्या विषयाचा अभ्यासक्रम मागे पडला असेल त्याला त्या दिल्या जातात आणि तो विषय बहुतेक वेळा गणित असतो. स्नेहसंमेलन जवळ आले की बाहेरून नृत्य बसवणारा बोलावला जातो, तो वर्गातील चुणचुणीत मुले निवडून ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच बसवतो आणि त्यावर शाळेचे कलाशिक्षण त्या वर्षापुरते संपते.

गावात कलेचा दुष्काळ आहे असे मात्र मुळीच नाही. देवळात भजनी सप्ताह होतो, जत्रेला गावकरीच नाटक उभे करतात, आणि माझ्या मुलीच्या वर्गातील पालकांचाच विचार केला तरी हार्मोनियमवर साथ करणारे, नाटकाचे पडदे रंगवणारे, चवथीपूर्वी गणपतीच्या चित्रशाळेत रात्री जागवणारे आणि फुगडीच्या पथकातून स्पर्धांना जाणाऱ्या माता असे बरेच जण निघतील. म्हणून पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी असे सुचवले की आपल्यापैकी इच्छुकांनी आठवड्यातून एक तासिका विनामूल्य घ्यावी. मुख्याध्यापकांनी तत्काळ होकार दिला. त्याच बैठकीत एका पालकाने मात्र आक्षेप घेतला की एकदा हे काम फुकट होऊ लागले म्हणजे ती जागा भरण्याची निकड कोणालाच उरणार नाही. हा आक्षेप मला खोडून काढता आला नाही. शिकवणे आणि मागणी करणे ही दोन्ही कामे एकमेकांच्या आड न येता करता येतात काय, आणि येत असल्यास कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी सांगावे.

जुना खडू

मी अनुदानित विद्यालयात मुख्याध्यापक म्हणून काम केले असल्याने प्रथम कायद्याची बाजू मांडतो, कारण पालक या विषयावर बोलताना बहुधा संस्कार, सर्वांगीण विकास असे शब्द वापरतात आणि व्यवस्थापन त्यांना मान डोलावून मोकळे होते. शिक्षण हक्क कायदा २००९ याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षकांचे जे निकष दिले आहेत, त्यांत शंभराहून अधिक मुले असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापकाबरोबरच कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या तिन्हींसाठी अंशकालीन निदेशक असावेत असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडील विद्यालये पाचवी ते दहावी अशी असतात. म्हणून मोजणी करताना पाचवी, नववी आणि दहावी वगळून केवळ सहावी, सातवी आणि आठवीचा पट धरावा. प्रत्येकी दोन तुकड्या असलेल्या शाळेत हा आकडा सहसा शंभराच्या पुढे जातो. शाळेला मान्यता मिळण्याचा संबंध याच अनुसूचीतील निकषांशी असल्यामुळे ही मागणी म्हणजे हौस आहे असे कोणी म्हणू शकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की आपल्या हातात नेमके किती अधिकार आहेत हे ओळखूनच पाऊल टाकावे. याच कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे त्या समितीचे काम आहे. तथापि २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांमधील समितीचे काम केवळ सल्लागार स्वरूपाचे राहिले आहे. सरकारी शाळेतील पालक आराखड्यात जे लिहू शकतात ते आपण केवळ सुचवू शकता. तरीही लेखी सल्ला आणि तोंडी कुरकुर यांत मोठे अंतर असते. ठराव इतिवृत्तात नोंदवला गेला, त्याची प्रत व्यवस्थापनाला आणि तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांना गेली, की पुढच्या बैठकीत त्या ठरावाचे काय झाले हा प्रश्न विचारता येतो, आणि तो सलग विचारला गेला तर कार्यालयात त्या विषयाची फाइल उघडावी लागते.

मात्र या सगळ्याआधी एक साधी माहिती मिळवा. आपल्या शाळेतील चित्रकलेचे पद मंजूर असून रिक्त आहे, की तासिकांचा भार कमी पडल्याने ते पदच राहिलेले नाही? या दोन स्थितींमधील अर्ज पूर्णपणे निराळे असतात. पद मंजूर असेल तर ते भरण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने खात्याकडे पाठवला आहे काय, एवढेच विचारायचे असते. पद नसेल तर वर सांगितलेल्या अंशकालीन निदेशकाचा मुद्दा पुढे करावा लागतो. शाळेने सांगितले नाही तर माहिती अधिकाराखाली शिक्षण खात्याकडे अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अनेक पालक मोर्चाची भाषा करतात. हा एक कागद मागवण्याचे कष्ट मात्र फार थोडे घेतात.

म्हापशाचा वाचक

बैठकीतील त्या आक्षेप घेणाऱ्या पालकांशी मी पूर्ण सहमत आहे. गणिताचे शिक्षक निवृत्त झाले असते तर पालकांनी पाळीपाळीने बीजगणित शिकवावे असे कोणी सुचवले असते काय? आणि आपल्या वर्गातील पालकांत हार्मोनियमवादक आहेत, म्हणून आपले भागेल. ज्या शाळेतील मुलांचे आईवडील औद्योगिक वसाहतीत पाळ्यांवर काम करतात किंवा रोजंदारीवर जातात, त्यांना मंगळवारी सकाळी दहा वाजता शाळेत येऊन रंग कालवणे परवडणारे नाही. पालकांच्या सवडीवर उभे असलेले कलाशिक्षण सवड असलेल्यांच्या मुलांपुरतेच राहते. शिक्षकाचा पगार सरकार देते, तो याच कारणासाठी.

सत्तरीची आई

म्हापशाच्या वाचकांचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, परंतु सत्तरी तालुक्यातील आमच्यासारख्या ठिकाणी ते जसेच्या तसे लागू करता येत नाही. माझा मुलगा सरकारी मराठी प्राथमिक शाळेत आहे आणि चारही इयत्तांना मिळून एकच बाई आहेत. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेतही दोन शिक्षक असावेत असे त्याच कायद्याची अनुसूची सांगते, म्हणजे आम्ही अजून दुसऱ्या शिक्षकाच्याच मागणीवर अडलेलो आहोत. पहिली ते पाचवीसाठी कलानिदेशकाची तरतूद त्या अनुसूचीत नाहीच. मग तोवर मुलांनी काय करावे? आम्ही काही मातांनी बाईंच्या संमतीने शनिवारी शाळेत जाण्यास सुरुवात केली. धालो हे बायकांचे लोकनृत्य आणि फुगडी आम्हाला येत होती, एका मुलाचे आजोबा रणमाले या लोकनाट्यात सोंगे घेत असत, त्यांना आम्ही आणले. त्यांनी मुलांना सोंग कसे रंगवायचे ते दाखवले, पण त्याहून अधिक वेळ त्यांनी रंगमंचावर उभे कसे राहावे आणि समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे कसे यावर घालवला. वर्गात तोंड न उघडणारी दोन-तीन मुले त्या दिवसानंतर बोलू लागली, असे बाईच सांगतात.

अडचणी कोठे आल्या तेही सांगते, कारण आपल्यालाही त्या येतील. पहिली अडचण आमच्यातीलच काही पालकांची होती. मुले शाळेत फुगड्या घालायला जातात काय, पाढे कधी पाठ होणार, असा सूर निघाला. त्यावर वाद न घालता आम्ही त्या पालकांना एका शनिवारी शाळेत येऊन बसण्याची विनंती केली. आले ते सगळेच पटून गेले असे नाही. एक काका अजूनही नाराज आहेत आणि ते त्यांच्या जागी ठीक आहेत. दुसरी अडचण वेळेची होती. शाळा सुटल्यावर वर्ग घ्यावा असे प्रथम ठरले होते, परंतु आपल्याकडे शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटते, मुले भुकेली असतात आणि लांबच्या वाड्यांवरील मुलांना गाडी गाठायची असते. आपल्या विद्यालयात बालरथ (मुलांची ने-आण करणारी शाळेची बस) असेल तर त्याच्या वेळेबाहेर ठेवलेला कोणताही वर्ग हा शाळेजवळ राहणाऱ्यांचाच वर्ग होतो. जे काही करायचे ते वेळापत्रकाच्या आत करावे, हे मी आग्रहाने सांगेन.

कुंचला

मी डिचोली तालुक्यात चित्रकला शिकवतो, तेव्हा माझ्या म्हणण्यात स्वार्थ दिसला तर तो आहेच असे समजावे.

पालक काय शिकवू शकतात आणि काय शिकवू शकत नाहीत हे आधी ठरवले तर निम्मा वाद मिटतो. भजनात उत्तम पेटी वाजवणाऱ्या गृहस्थाला चाळीस मुलांचा वर्ग सांभाळता येईलच असे नाही, आणि त्याने तो का सांभाळावा हाही प्रश्नच आहे. वर्षभराची आखणी करणे, चाळिसांपैकी प्रत्येकाच्या हाताला काम देणे, ज्याला रेघ सरळ ओढता येत नाही त्याला लाज न वाटू देता पुढे नेणे आणि कोणाची कोठे प्रगती झाली याची नोंद ठेवणे हे प्रशिक्षित शिक्षकाचे काम आहे. त्यासाठीच पणजीला आल्तिनोवर १९७२ पासून कला महाविद्यालय आहे आणि लक्ष्मण पै यांच्यासारख्या चित्रकाराने त्याचे प्राचार्यपद भूषवले आहे. त्या महाविद्यालयातून दरवर्षी पदवीधर बाहेर पडत असताना गोव्यात शिकवणारी माणसे मिळत नाहीत असे कोणी सांगू लागले तर ते ऐकून घेऊ नये.

याउलट कलाकार पालक जे देऊ शकतो ते मी देऊ शकत नाही. मूर्तिकाराने वर्गात येऊन चिकणमातीचा गोळा हातात घेतला की मातीत पाणी किती हवे, सुकताना तडा का जातो, हाताचा अंगठा कोठे दाबायचा या गोष्टी मुलांना पाच मिनिटांत कळतात. जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी काम आपण सर्वांनी पाहिले असेल. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर चढवायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ती पद्धत. ती कागदावर शिकवता येते, पण शाळेच्या कुंपणाच्या भिंतीचा एक हातभर तुकडा आणि गवंडीकाम जाणणारा एखादा पालक मिळाला तर त्याच धड्यात इतिहास, रसायन आणि भूमिती आपोआप येते. कुंकळ्ळीचे लाकडावरील चितारी काम, डिचोलीतील कुंभारांचे चाक, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानातून आणलेल्या फळा-वेलींची मांडणी, या सर्वांसाठी गोव्यातील शाळेला कोठे लांब जावे लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर शिकण्याची कल्पना मांडली आहे. पालकांनी या दिवसांवर हक्क सांगावा. तेथे त्यांचे खरे काम आहे आणि तेथे ते कोणाची जागा अडवत नाहीत.

त्याच धोरणात स्थानिक कलावंतांना खास निदेशक म्हणून शाळांनी नेमावे अशीही शिफारस आहे. या शिफारशीचे मी स्वागत करतो, पण थोड्या साशंकतेने. नियमित पदाऐवजी मानधनावर भागवण्याचा रस्ता तिच्यातून निघू शकतो. पालकांनी मागणी लिहिताना शिक्षक आणि निदेशक अशा दोघांचाही स्वतंत्र उल्लेख करावा.

आणखी एक व्यावहारिक बाब. शाळेत मुलांबरोबर काम करणारा बाहेरचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी वर्गात शाळेचा शिक्षक हजर असल्याशिवाय त्याने वर्ग घेऊ नये. गोवा बाल कायदा २००३ आणि मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ हे दोन्ही लागू असताना शाळेने या बाबतीत सैल राहणे योग्य नाही, आणि पालकांनीही ते अविश्वास म्हणून घेऊ नये. केंद्र सरकारच्या विद्यांजली या संकेतस्थळावर सरकारी आणि अनुदानित शाळा आपली गरज नोंदवू शकतात व स्वयंसेवक तेथे नाव देऊ शकतात. नोंदणी तेथे केली तर आपण कोण, कशासाठी आणि किती काळासाठी आलो आहोत याची लेखी नोंद राहते, आणि ही नोंद पुढे मागणीच्या वेळी उपयोगी पडते.

समेळवाला

संगीताविषयी कोणी फारसे लिहिले नाही म्हणून लिहितो. पेडण्यात आमचे घुमटवादनाचे पथक आहे (घुमट म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडे चढवलेले तालवाद्य) आणि आम्ही एका विद्यालयात काही काळ शिकवले आहे.

संगीताचे नाव काढले की आपल्याकडे पालकांना प्रथम भजन आठवते आणि त्यात वावगे काही नाही, कारण कला अकादमीच्या भजन स्पर्धांनी गावोगावी तालासुराची जाण टिकवून ठेवली आहे. परंतु वर्गात ख्रिस्ती मुले असतात, मुस्लिम मुले असतात, आणि शाळेच्या तासिकेत शिकवायची गोष्ट त्या सर्वांची असायला हवी. त्यासाठी घुमट फार सोयीचा आहे. तो आरतीला वाजतो, शिगम्यात वाजतो आणि ख्रिस्ती घरांतला मांडो गातानाही वाजतो. २०१९ मध्ये राज्य सरकारने त्याला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषितही केले. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवत असत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झाले असून आता शेळीचे कातडे वापरले जाते, आणि त्याचा नाद वेगळा का येतो हे सांगताना विज्ञानाचा एक तास सहज निघतो. मडके कुंभाराकडून आणावे, कातडे मुलांसमक्ष चढवावे. तबला-पेटीचा संच आणण्यासाठी जो खर्च येतो त्याच्या तुलनेत हा अगदीच किरकोळ आहे.

म्हापशाच्या वाचकांच्या मुद्द्याला मी इतिहासातून दुजोरा देतो. पोर्तुगीज काळात चर्चच्या पारोकियाल शाळांतून गावच्या मुलांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकवले जात असे, आणि ते शिकवण्यासाठी नेमलेला शिक्षक असे. ज्या गोमंतकीय वादकांनी पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात वाद्यवृंदाची घडी बसवली, ते सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्या पिढीचे होते आणि गावच्या चर्चभोवतीच्या या संगीतशिक्षणाचा त्या पिढीला आधार होता. याच भूमीत केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर झाल्या, पण त्यांचे शिक्षण मोठमोठ्या उस्तादांकडे, घरच्यांनी सोसलेल्या कष्टांवर झाले. गावच्या शाळेत सर्वांसाठी ते दार कधी उघडे नव्हते. शाळेत नेमलेला शिक्षक असला म्हणजे ज्याच्या घरी कोणी गाणारे नाही त्या मुलालाही स्वर ऐकायला मिळतो. पालकांच्या भरवशावर ही हमी देता येत नाही, हे आम्ही शिकवत असतानाही आम्हाला दिसत होते: शिगम्याचे दिवस आले की आमचेच पथक गावोगाव फिरत असे आणि वर्ग आठवडेच्या आठवडे बंद राहत असे.

अंत्रुजवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेच्या आधारे आम्ही काही पालकांनी बसून पुढील आखणी केली आहे आणि तीत उणे असेल ते दाखवावे ही विनंती.

चित्रकला आणि संगीत यांच्या नियमित तासिका पालक घेणार नाहीत. त्या वेळापत्रकात आहेत तशा ठेवाव्यात आणि इतर विषयांना देऊ नयेत, असा ठराव पालक-शिक्षक संघात मांडण्यात येईल. शिक्षक मिळेपर्यंत त्या तासिकांत वर्गशिक्षकांनी मुलांना निदान कागद-रंग घेऊन बसू द्यावे, इतकीच अपेक्षा आहे. पालकांचा सहभाग दप्तराविना दिवसांपुरता आणि महिन्यातून एका ठरलेल्या वर्गापुरता राहील. हा वर्ग शाळेच्या वेळेत, शिक्षकांच्या उपस्थितीत आणि एका शालेय सत्राच्या अखेरीपर्यंतच असेल, व प्रत्येक वेळी काय शिकवले आणि किती मुले होती याची नोंद शाळेच्या वहीत होईल. सत्र संपताना ती वही आणि जागा भरण्याविषयीचे पत्र ही दोन्ही एकत्रच व्यवस्थापनाकडे द्यायची आहेत. मूर्तिकार पालकांनी मातीचे काम आणि एका मातेने फुगडी शिकवण्याचे मान्य केले आहे. ज्या पालकांना दिवसा येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी वाद्ये जमवणे, माती आणून देणे, पत्रव्यवहार पाहणे अशी कामे ठेवली आहेत. म्हापशाच्या वाचकांचा आक्षेप त्यामुळे पूर्णपणे दूर होत नाही याची आम्हाला कल्पना आहे.

मुख्याध्यापकांकडे पदाविषयी विचारणा केली असता पद मंजूर असल्याचे त्यांनी तोंडी सांगितले. प्रस्ताव पाठवला आहे काय, यावर मात्र स्पष्ट उत्तर मिळाले नाही.

म्हापशाचा वाचक

आक्षेप दूर होत नाही, हे खरे. परंतु मुदत घातली हे चांगले केले. ती वाढवून देण्याची विनंती शाळेकडून नक्की येईल. त्या वेळी काय उत्तर द्यायचे ते आजच ठरवून ठेवा.

जुना खडू

आखणीत दोन दुरुस्त्या सुचवतो. पत्र सत्रअखेरीस न देता आताच द्यावे. वही नंतर पुरवणी म्हणून जोडता येईल. रिक्त पदाचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडून खात्याकडे जाऊन मान्यता, जाहिरात आणि मुलाखती होईपर्यंत शैक्षणिक वर्षाचा बराच भाग निघून जातो आणि उशिरा दिलेल्या पत्राला पुढच्या वर्षी पाहू असे उत्तर मिळते. दुसरे असे की पद मंजूर असल्याचे तोंडी सांगणे पुरेसे समजू नये. आपल्या पत्रातच मंजूर पद, ते रिक्त झाल्याची तारीख आणि प्रस्ताव पाठवल्याची तारीख या तीन बाबी लेखी कळवाव्यात अशी विनंती करा, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेच्या आवक क्रमांकासह शिक्का आणि सही घ्या, आणि ती प्रत एकाच पालकाच्या घरी न ठेवता संघाच्या दप्तरात ठेवा, कारण आपली मुलगी दहावी होऊन बाहेर पडेल तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाला तरी पुढे चालवावे लागेल.